वर चढणारी पोकळी

देवाजी रामटेके माझ्याकडे आले ते एक दगड घेऊन. जानेवारी दोन हजार तेवीस. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. स्टाफरूमच्या दाराशी सत्तरीचा, काटकुळा, कानांवरून मफलर बांधलेला माणूस उभा होता. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळसर दगड काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे पान कोणत्या झाडाचं हाय? आमच्या जंगलात तर असं झाड नाई."

दगडावर जिभेसारख्या लांबट पानाचा ठसा होता. मधली शीर, तिच्या बाजूंची जाळी, सगळं स्पष्ट. मला फार आनंद झाला. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सांगत सुटले. हे झाड आज पृथ्वीवर कुठेच नाही. पंचवीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी वर्धेच्या खोऱ्यात त्याची दलदलीची जंगलं होती. तेव्हा फूल नावाची गोष्ट जगात आली नव्हती, डायनासोरही नव्हते. ती जंगलं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. असंच पान आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं, दक्षिण ध्रुवाच्या बर्फातही सापडतं, कारण तेव्हा ही सगळी जमीन एकच होती. एकोणीसशे बारा साली ध्रुवावरून परतणारी काही माणसं थंडी-उपासमारीने तंबूत मेली. त्यांच्या सामानात सोळा किलो दगड निघाले, त्यांत हीच पानं होती. पाय ओढवत नव्हते तरी त्यांनी ते दगड टाकले नव्हते.

देवाजी लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या डोक्यावर अशी हजारो पानं होती. टोपीचा दिवा वर केला का दिसे. पण पान पाहाले वेळ कुठी? मी छताचा आवाज ऐके."

तेहतीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या भुयारी खाणींत छत तपासण्याचं काम केलं होतं. लोखंडी टोकाचा लांब बांबू घेऊन सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि छताला ठोका मारायचा. खणखणीत वाजलं तर छत घट्ट. भद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला. तो पाडायचा किंवा खाली लाकडी बल्ली उभी करायची. त्यांनी मलाही एक नवी गोष्ट सांगितली. खाणीत लोखंडाच्या टेकूपेक्षा लाकडाच्या बल्लीवर माणसांचा भरवसा जास्त असे, कारण लाकूड मोडण्याआधी बोलतं. करकरतं, तडतडतं, पळायला वेळ देतं. लोखंड न बोलता वाकतं.

"छत बोलत राह्यते तोवर भेव नाई, मॅडम. लई बोलून एकदम चूप झालं का मंग पळाचं."

चहा आला. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "एक विचारू? खाली खोल रिकामं राह्यलं, तर ते रिकामं तिथीच राह्यते का?"

प्रश्न मला आवडला. वर्गात हा मुद्दा सांगितला की मुलं डोळे मोठे करतात. म्हणून मी त्यांनाही तसाच, रंगवून सांगितला. नाही, ते तिथे राहत नाही, वर चढतं. पोकळीचं छत पडतं, पडलेला दगड खाली बसतो आणि पोकळी तेवढी वर सरकते. पुन्हा छत पडतं, पुन्हा सरकते. वीस वर्षं, तीस वर्षं, कधी त्याहून जास्त. फुटलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे खाण खोल असेल तर मधेच कुठेतरी पोकळी भरून जाते आणि संपते. खाण उथळ असेल तर भरायच्या आत ती जमिनीपाशी पोचते. वर काहीच दिसत नाही. शेवटचा दोन-तीन मीटरांचा पापुद्रा उरतो, त्यावर माणसं चालत असतात.

"उथळ म्हणजे किती?"

"तुमच्याकडे कोळसा किती उंच काढला होता?"

"दोन माणसं अन् वर हात. पाच मीटर धरा."

"मग पन्नास मीटरांच्या आत असेल तर धोका."

त्यांनी कप बशीत ठेवला. एक घोटही घेतला नव्हता. "आमची पस्तीसवर होती," असं म्हणून ते उठले. दगड टेबलावरच राहिला.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. येऊन जमीन बघाल का, म्हणाले. मी रविवारी गेले. पिपरडोह हे नदीकाठचं गाव. जुनी खाण सत्त्याण्णव साली बंद झाली. मग तिच्या बाजूच्या, नाल्यापलीकडच्या पडीक जमिनीवर घरं होत गेली, आणि आता तिथे एकशे चाळीस घरांचा वॉर्ड उभा आहे. देवाजींचं घर वॉर्डाच्या काठाला होतं. त्यांची बायको गुणाबाई दारात होती. "हे जेवत नाईत," एवढंच ती म्हणाली.

देवाजी मला दोन गल्ल्या ओलांडून कलाबाई मेश्रामच्या अंगणात घेऊन गेले. कलाबाई साठीची विधवा. तिचा नवरा श्रावण खाणीत देवाजींच्याच पाळीत कोळसा भरायचा, तो मरून नऊ वर्षं झाली होती. सकाळचे सात वाजले होते, सगळीकडे दव होतं. तिच्या स्वयंपाकघरामागे मात्र खाटेएवढी जागा कोरडी होती. त्या जागेवर तीन कुत्री एकमेकांना चिकटून झोपली होती.

"महिनाभर झाला, इथीच झोपतेत," कलाबाई हसून म्हणाली. "ऊब लागते वाटते त्याइले."

मी हात टेकवला. जमीन कोमट होती. कोळशाला काडी लावावी लागत नाही. फटीतून हवा मिळाली की तो आपणच तापतो आणि एक दिवस पेटतो. झारखंडात शंभर वर्षांहून जास्त काळ जमिनीखाली अशा आगी जळत आहेत. खालपर्यंत हवा जात होती, याचा अर्थ वाट तयार झाली होती. घराच्या मागच्या भिंतीत तिरपी भेग होती. स्वयंपाकघराचं दार दिवाळीपासून चौकटीत अडकत होतं.

परत येताना देवाजींनी मला बंद खाणीच्या तोंडाशी नेलं. विटांनी बुजवलेलं, भोवती बाभळी. तिथे ते बोलले.

"कागदावर खाण त्या नाल्यापाशी संपते. पण आमी नाल्याच्या पलीकडं गेलो होतो. त्र्याण्णव साल. कोळसा चांगला लागला होता. वरचा साहेब बोलला, वर कोण राह्यते? कोणीच नाई, पळसाचं रान हाय. मंग काढा, म्हणे. काढून झाल्यावर नदीची वाळू पाण्यानं आत सोडून भराची होती. भरली नाई. बल्ल्या दुसरीकडं पाहिजे होत्या, म्हणून त्याबी काढल्या. शेवटची बल्ली काढणारा मीच होतो, मॅडम. माह्यामागं छत पडलं त्याची हवा पाठीले लागली."

"तो साहेब?"

"मेला. पाळीतले सगळे मेले. मीच राह्यलो."

आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. खाण कंपनीच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, नकाशा पसरला आणि नाल्यावर बोट ठेवलं. नकाशाप्रमाणे वॉर्डाखाली खाणकाम नाही. पाहणी करू, म्हणाला. ते ऐकताना देवाजी नकाशाकडे बघत नव्हते, पायाखालच्या फरशीकडे बघत होते.

मग त्यांनी स्वतःच मोजायचं ठरवलं. खाली अंधारात ते पावलांनी अंतर धरत. कोणत्या खांबापासून किती पावलं, कुठे डावीकडे वळायचं, तीस वर्षांनंतरही त्यांना पाठ होतं. खाणीत शिरायचा मुख्य रस्ता उताराचा, म्हणून खालची शंभर पावलं वर सत्त्याण्णव भरतात, एवढा हिशेब मी करून दिला. दिशेसाठी होकायंत्र घेतलं. बाभळीपासून सुरुवात केली. पावलं मोठ्याने मोजत आम्ही नाला ओलांडला, किराणा दुकानाच्या बाजूने गेलो, एका घरात पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने निघालो. लोक हसत होते. "देवाजीभाऊ, पाणी शोधून राह्यले का?" असं कोणी ओरडलं. देवाजींनी मान वळवली नाही. सहाशे एकोणऐंशीव्या पावलाला ते कलाबाईच्या अंगणात थांबले.

अंगणात बांबू पडले होते. कलाबाईची मुलगी करिश्मा चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स होती, तिचं लग्न मे महिन्यात होतं. मांडव तिथेच पडणार होता आणि चारशे माणसं जेवणार होती.

देवाजींनी सांगितलं तेव्हा कलाबाई भडकली. "पोरीचं लगन हाय अन् तुमी घर खचते म्हणता? मले दुसरीकडं जागा हाय का? काऊन असं बोलता, भाऊ?"

ते वाद घालत बसले नाहीत. करिश्माला म्हणाले, "बाई, पाण्याच्या बादल्या आण." कोरड्या जागेच्या कडेला बोटभर रुंद भेग होती. देवाजी उकिडवे बसले आणि भेगेत पाणी ओतू लागले. करिश्मा हापशावरून बादली आणी, ते ओतत. पाच झाल्या, दहा झाल्या. पाणी वर येईना. बाजूची माती फुगेना, भिजेना. बाविसाव्या बादलीला भेगेतून गरम वाफ आली, आणि तिच्याबरोबर घासलेटासारखा वास. करिश्मा थांबली. तिने भेगेवर तळहात धरला आणि काढून घेतला.

"तेवीसवी नको," ती म्हणाली. "आई, लगन समाजमंदिरात करू."

लग्न समाजमंदिरात झालं. चारशे माणसं जेवली, कोणाला काही झालं नाही. जून गेला, जुलै गेला. कलाबाई काही दिवस बहिणीकडे राहिली आणि परत आली. तिच्या घरी बकऱ्या होत्या, चूल होती, आणखी कुठे जाणार? वॉर्डात लोक देवाजींची चेष्टा करत. पावसात कलाबाईच्या मागच्या भेगेतून धूर निघे, त्याचीही लोकांना सवय झाली. पाहणीला एक जीप आली, फोटो काढून गेली. मी वरच्या कार्यालयांना तीन पत्रं पाठवली. उत्तर एकाचं आलं, तेही माझं पत्र मिळाल्याचं.

देवाजी मात्र रोज दुपारी कलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसत. संध्याकाळपर्यंत बसत. तिने विचारलं तर म्हणत, "घरी करमत नाई." सोबत त्यांचा खाणीतला बांबू, त्याचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं कानाशी. मी एकदा गेले तेव्हा त्यांनी तो माझ्या कानाला लावला. मला आधी काही ऐकू आलं नाही. मग फार खालून आवाज आला. कोणी लांबच्या खोलीत ज्वारीचं पोतं ठेवावं तसा. बऱ्याच वेळाने पुन्हा एक.

"गेल्या महिन्यात दिवसाले दोनदा होता," ते म्हणाले. "आता घंट्याले चार."

मी म्हणाले, तुम्ही तरी इथे बसू नका. त्यांनी बांबू पुन्हा आपल्या कानाला लावला.

सप्टेंबरात सलग पाच दिवस पाऊस झाला. सहाव्या दिवशी उघडलं. दुपारी अडीचच्या सुमाराला देवाजी ओट्यावर होते, कलाबाई आत तांदूळ निवडत होती. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, आणि कलाबाईनेही तसंच सांगितलं. सकाळपासून खालचे आवाज एकामागोमाग येत होते, बांबू लावायची गरज नव्हती, ओट्यावर बसलं की मांडीला कळत होते. कुत्री अंगणातून निघून समोरच्या घरी गेली होती. आणि मग आवाज थांबले.

देवाजी आत धावले. "बाई, चाल! चाल, सूप ठेव!"

"काय झालं?"

त्यांनी सूप हिसकलं, तिचा दंड धरला आणि ओढत तिला बाहेर आणलं. ती ओरडत होती, "बकऱ्या, माह्या बकऱ्या!" रस्ता ओलांडून ते समोरच्या भिंतीपाशी पोचले. कलाबाई सांगते, मी मागे वळून पाह्यलं तर घर उभंच होतं. मले वाटलं, हा म्हातारा भ्रमला. आणि मग घर खाली गेलं. पडलं नाही. उभंच्या उभं, विहिरीत बादली सोडावी तसं गेलं. आधी ओटा दिसेनासा झाला, मग खिडक्या, मग पत्रे. धूळ नंतर उडाली. धुळीतून गरम वारा आला आणि सगळ्यांच्या अंगावर काळी राख बसली.

मी संध्याकाळी पोचले. खड्डा तीस फूट रुंद होता, तळ दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी मोजला तेव्हा खोली पंचावन्न फूट भरली; खाली पडलेला दगड पावसाच्या पाण्याबरोबर आजूबाजूच्या बोगद्यांत वाहून गेला होता. कडेच्या मातीतून वाफ निघत होती. घराचा एक तुकडाही दिसत नव्हता. दोन बकऱ्या गेल्या होत्या.

वॉर्ड सगळा रस्त्यावर होता. देवाजी भिंतीला टेकून बसले होते, अंगावर राख तशीच. कलाबाई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुमाले कसं मालूम होतं, भाऊ? तंतोतंत माह्याच घराखाली?"

सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं. त्र्याण्णव साल, नाल्यापलीकडचा कोळसा, न भरलेली वाळू, काढलेल्या बल्ल्या. कलाबाईने एकच विचारलं.

"श्रावणले मालूम होतं का? मालूम असून त्यानं मले इथी घर बांधून देल्लं?"

"नाई," देवाजी म्हणाले. "त्याची बदली वरच्या कामावर झाली होती तेव्हा. पाया खोदाच्या आधी त्यानं मले विचारलं होतं. खाली भरलं हाय ना, देवाजी? मी म्हटलं, भरलं हाय. मले वाटे, खालचं खालीच राह्यते. कोणाचं काय बिघडते."

कलाबाईने पदराने तोंडावरची राख पुसली आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. गुणाबाईशीही.

आता मात्र जिपा आल्या, टीव्हीवाले आले. आसपासची अठरा घरं त्याच दिवशी रिकामी केली आणि त्या कुटुंबांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या जिल्हा परिषद शाळेत नेलं. वर्गांत चुली मांडल्या. कलाबाईला चौथीच्या वर्गातला एक कोपरा मिळाला. बाकीच्या वॉर्डाचं काय करायचं, हे ठरवायला नकाशा लागणार होता आणि खरा नकाशा कोणाकडेच नव्हता. तेव्हा अधिकारी देवाजींकडे गेले. त्यांच्या हातात चुन्याचं घमेलं दिलं आणि म्हणाले, बाबा, दाखवा.

तीन दिवस ते चालले. मी होकायंत्र घेऊन सोबत होते. पुढे देवाजी पावलं मोजत, मागे एक मजूर चुन्याची रेघ ओढत. आता कोणी हसत नव्हतं. रेघ घराजवळ आली की बाया दारात येऊन उभ्या राहत आणि ती आत शिरते की बाजूने जाते ते बघत. एकीने चुना पायाने पुसला. दुसऱ्या दिवशी रेघ देवाजींच्या स्वतःच्या घराच्या न्हाणीवरून गेली. गुणाबाई न्हाणीतली बादली बाहेर घेऊन आली आणि ओट्यावर बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका चौकात अडखळले. इथून दुसऱ्या पाळीचा बोगदा फुटायचा. त्यात ते फक्त चार-पाच वेळा गेले होते, अडकलेल्या माणसाला काढायला. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. मग उजवीकडे वळले. "इथून दोनशे साठ," म्हणाले. "मंग डावीकडं चाळीस." गल्ली संपली, रस्ता लागला, रस्त्यापलीकडे बाभळी, मग कुंपण. दोनशे साठ पूर्ण झाली. ते डावीकडे वळले आणि मान वर केली. समोर शाळेचं फाटक होतं.

अधिकारी म्हणाला, "बाबा, पुन्हा मोजा. नक्की का?"

"नक्की नाई," देवाजी म्हणाले. "पण मी पयलेबी नक्की नाई म्हणून चूप राह्यलो असतो तर?"

ते फाटकातून आत गेले. व्हरांड्यात पोरं खेळत होती, चुलींवर भात शिजत होता. देवाजी व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "इथूनबी निघा लागते."

माणसं चिडली. चार दिवसांपूर्वी तर आणलं, आता कुठे जायचं? एक जण त्यांच्या अंगावर धावून आला. "तूच खोदलं, आता तूच हाकलून राह्यला!" देवाजी हलले नाहीत. त्यांनी हातही वर केला नाही.

चौथीच्या वर्गातून कलाबाई बाहेर आली. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं, हातात कालच मिळालेलं नवं पातेलं. ती देवाजींच्या बाजूने, त्यांच्याकडे न बघता गेली, पायऱ्या उतरली आणि फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. मग एकेक करून बाकीचे निघाले.

महिन्याभराने शाळेच्या आवारात यंत्राने भोकं पाडली. तिसऱ्या भोकात सळई नऊ मीटरांवर एकदम खाली गेली. खालची पोकळी पस्तीस मीटरांवरून तिथवर चढून आली होती. शाळा अजून उभी आहे, फाटकाला कुलूप आहे. माणसं आता नाल्याअलीकडे, जिथली खाण वाळूने नीट भरली होती तिथे, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तिथली जमीन देवाजींनी ठोकून बघितली आणि चांगली आहे म्हणाले.

त्यांचं वय आता त्र्याहत्तर. दमा वाढला आहे. मागच्या महिन्यात मी गेले तर ते खाटेवर होते. मला म्हणाले, कागद काढा, अन् मी सांगतो ते लिहून घ्या. दोन तास ते खांब आणि वळणं सांगत होते, मी लिहीत होते. मग ते थांबले.

"एवढंच मले येते," म्हणाले. "उत्तरेकडं अजून दोन बोगदे गेले होते, बसस्टँडच्या अंगानं. त्यात मी कधी गेलो नाई. जे गेले होते त्यातलं आता कोणी नाई."